ब्रेक दाबला की गाडी का थरथरते? : एका निदानाचा तर्क



मागच्या वेळी आपण 'कारण' या शब्दापाशी थांबलो होतो. एक गोष्ट आधी घडली आणि दुसरी नंतर घडली, एवढ्यावरून पहिलीला दुसरीचं कारण म्हणता येत नाही, इथवर आपण आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं घट-पटाचं झालं. रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण मोटार घेऊ. गाडी वेगात असताना ब्रेक दाबला की पुढचा भाग थरथरतो, स्टेअरिंग हातात नाचतं. ही तक्रार तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. तिचं निदान कसं करायचं, हा आजचा विषय.

आम्ही मोटार अभियंता नव्हे, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. पण या एका तक्रारीने आम्हाला सात-आठ महिने छळलं, दोनदा खर्चात पाडलं, आणि जे वर्गात आयुष्यभर शिकवलं तेच गॅरेजच्या दारात आम्ही विसरलो, हेही दाखवून दिलं. तेव्हा आधी ती हकिगत ऐका.

पावसाळा संपत आला होता. विरारकडून मीरा रोडला परत येत होतो. अहमदाबाद महामार्ग, वर्सोवा पुलाच्या अलीकडचा भाग, वेग ८०च्या आसपास, शेजारी आमची लेक. पुढच्या ट्रकने अचानक लेन बदलली. आम्ही ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग असं थरथरलं, की पाय आपोआप ब्रेकवरून उचलला गेला. क्षणभरच. लगेच पुन्हा दाबला, गाडी थांबली, काही झालं नाही. पण ट्रकचा मागचा भाग आणि आमची काच यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. लेक थोडा वेळ काहीच बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, तुमचे हात थरथरतात. आता गाडी चालवणं बंद करा."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, ते सांगायला नको. पण तर्काच्या दृष्टीने पाहिलं तर तिचं म्हणणं एक पक्ष म्हणून अगदी ग्राह्य होतं. थरथर खरी होती. प्रश्न एवढाच, की ती कोणाची? हातांची की गाडीची? निदान म्हणतात ते इथून सुरू होतं. एका परिणामाची दोन कारणं संभवतात. त्यांतलं एक बाजूला काढून बघायचं आणि परिणाम उरतो का ते पाहायचं. आपल्याकडे याला व्यतिरेक म्हणतात. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच वेग, तीच गाडी, पण स्टेअरिंगवर लेक. मागे वाहन नाही असं पाहून तिने ब्रेक दाबला. स्टेअरिंग तसंच नाचलं. हात निर्दोष सुटले. निदान या आरोपातून तरी.

आता गाडीकडे वळू. गॅरेजमध्ये आपण काय सांगतो? "व्हायब्रेशन येतं." हे सांगणं म्हणजे डॉक्टरांना "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. थरथर हा शब्द एक, पण त्याच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे आजार असतात. म्हणून अनुमानाच्या आधी प्रत्यक्ष नीट करायचं. त्यासाठी चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : ब्रेक दाबल्यावरच येते, की एरवीही येते? ब्रेकला हातही न लावता ८० ते १००च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरत असेल, तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं आहे, टायर फुगला आहे किंवा खड्ड्यात रिम वाकली आहे. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीचा पुढचा भाग हलत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटवर संशय घ्यावा. फक्त ब्रेक दाबल्यावर येते आणि पाय काढला की थांबते, तर आपण ब्रेकच्या घरात आलो.

दुसरा प्रश्न : शरीराला कुठे जाणवते? स्टेअरिंगमध्ये जाणवली तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकांचा, कारण स्टेअरिंग जोडलेलं असतं ते पुढच्या चाकांना. सीटमध्ये, पाठीत, गाडीच्या तळाशी जाणवते आणि स्टेअरिंग मात्र शांत आहे, तर मागच्या चाकांकडे पाहायचं. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रमची गोलाई बिघडली तरी गाडी थरथरते. मागचा-पुढचा निवाडा करण्यासाठी जाणकार मिस्त्री मोकळ्या जागेत, बेताच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढून बघतात. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हाही थरथर आली, तर दोष मागे. ही चाचणी तुम्ही स्वतः रहदारीत करू नका, आणि बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मुळीच नको.

तिसरा प्रश्न : वेग उतरला की थरथरीची लय उतरते का? हा प्रश्न आम्हाला फार आवडला. लहान गाडीच्या चाकाचा परीघ दोन मीटरला थोडा कमी असतो. ८०च्या वेगाला चाक सेकंदाला ११-१२ वेळा फिरतं, ४०च्या वेगाला ५-६ वेळा. थरथरीचं मूळ फिरणाऱ्या भागात असेल, तर प्रत्येक फेरीला एक किंवा दोन धक्के बसणार. म्हणजे सुरुवातीला झणझण आणि वेग उतरेल तसं ते सावकाश होत होत शेवटी धप-धप असं मोजता येण्याजोगं. असं होत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे, हे जवळजवळ सिद्ध झालं. उलट अचानक जोरात किंवा रेतीवर, चिखलावर ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल टकटकटक असं वेगाने उसळलं, तर तो एबीएसचा गुण आहे, दोष नाही. चाक घसरू नये म्हणून ती यंत्रणा ब्रेकचा दाब सोडते-धरते. तिला घाबरून पाय काढायचा नाही.

चौथा प्रश्न : कधीपासून, आणि त्याआधी काय काय झालं होतं? इथे मात्र सावध राहायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आमची उत्तरं अशी होती : फक्त ब्रेकवर, स्टेअरिंगमध्ये, पेडलालाही थोडा धक्का, वेगाबरोबर उतरणारी लय. म्हणजे पुढचे डिस्क ब्रेक. आता ते चालतात कसे ते पाहू, म्हणजे पुढचं कळेल.

चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला हब म्हणतात. हबवर बिडाची एक जाड तबकडी बसवलेली असते. ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना एकेक ब्रेक पॅड असतो, आणि ते पॅड कॅलिपर नावाच्या चिमट्यात बसलेले असतात. आपण पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड तबकडीला दोन बाजूंनी आवळतात. गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. ही उष्णता थोडी नसते. १००० किलोंची गाडी ८०च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढीवर खोलीच्या तापमानाच्या पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो.

आता कल्पना करा, की तबकडी सगळीकडे सारख्या जाडीची नाही. एका ठिकाणी किंचित जाड, दुसरीकडे किंचित पातळ. जाड भाग पॅडमध्ये आला की पकड वाढते, पातळ भाग आला की सैल होते. प्रत्येक फेरीला चाक थोडं जास्त धरलं जातं, थोडं सोडलं जातं. हा झटका स्टेअरिंगच्या दांड्यांमधून हातापर्यंत पोचतो, आणि जाड भाग पिस्टनला मागे ढकलतो म्हणून पेडलही उसळतं. हा फरक किती लागतो? ०.०१५ ते ०.०२ मि.मी.चा फरकसुद्धा हाताला कळतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मि.मी. जाड असतो. म्हणजे केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाने आमचे हात म्हातारे ठरले होते!

पहिल्या गॅरेजात गेलो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्यांनी गाडी फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "सर, डिस्क आउट हो गया है." म्हणजे डिस्क वाकली. दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे. पैसे दिले. गाडी लोण्यासारखी थांबू लागली. लेकीला मुद्दाम बसवून फिरवून आणलं. आमचं प्रमेय सिद्ध झालं होतं : डिस्क बदलली, थरथर गेली, म्हणून डिस्क हेच कारण.

दिवाळी झाली, नाशिकला जाऊन आलो, पुण्याला दोनदा, एकदा रत्नागिरी. गाडी साधारण ४००० किलोमीटर चालली. आणि होळीच्या सुमारास घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाताना, काजूपाडा मागे टाकून गायमुखच्या उतारावर, ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंगमध्ये तीच ओळखीची कुरकुर. आठवड्याभरात महामार्गावर ती पूर्ण थरथर झाली.

पुन्हा त्याच गॅरेजात. उत्तर मिळालं, "या डिस्कचा माल हलका निघाला, दुसऱ्या टाकू." पुन्हा खर्च. त्या वेळी आमच्यातला शिक्षक थोडा जागा झाला. दोन वेगळ्या डिस्क, दोन्ही एकाच गाडीत, एकाच रीतीने बिघडतात. मग दोन्हींमध्ये समान काय? समान आहे ती गाडी, म्हणजे डिस्क जिथे बसते ती जागा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली पहिली हीच : परिणाम जिथे जिथे दिसतो तिथे तिथे समान काय आहे ते पाहा. ती पद्धत आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो.

भाईंदरला एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालवण्याआधी वर सांगितलेले चारही प्रश्न विचारले. मग पाचवा विचारला, "सर, डिस्क बदलताना हब साफ केला होता का?" आम्हाला हब हा शब्दच तेव्हा नवा होता.

त्यांनी गाडी उचलून स्टँडवर घेतली आणि चाक काढलं. उघडी डिस्क नटांनी हबवर घट्ट केली, डायल गेज लावलं आणि डिस्क हाताने सावकाश पूर्ण एक फेरी फिरवली. काटा हलला. डाव्या बाजूला ०.१२ मि.मी.चा डोल. बहुतेक गाड्यांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१च्या घरात असते, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतो. मग डिस्क काढली. हबच्या तोंडावर, जिथे डिस्क टेकते तिथे, एका बाजूला गंजाचा पापुद्रा होता. नवी कोरी डिस्क त्या पापुद्र्यावर बसवली गेली होती. हबवर ०.०५ मि.मी.चा पापुद्रा असला तरी डिस्कच्या कडेपर्यंत जाताना तो डोल जवळजवळ दुप्पट होतो, कारण डिस्कचा घेर हबपेक्षा मोठा.

आता तुम्ही विचाराल, डिस्क पहिल्या दिवसापासून डुलत होती तर थरथर चार-पाच महिन्यांनी का आली? हाच या निदानाचा गाभा आहे. नुसता डोल असेल तर थरथर सहसा येत नाही. कॅलिपर सरकत्या पिनांवर बसलेला असतो, तो डिस्कबरोबर थोडा डुलून घेतो. पण आपण ब्रेक दाबत नसतानाही डुलणाऱ्या डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीला पॅडला हलकेच घासून जातो. एका किलोमीटरमध्ये चाक ५००हून जास्त वेळा फिरतं. ४००० किलोमीटरमध्ये ते २० लाखांहून अधिक वेळा झालं. त्या एकाच जागी २० लाख वेळा घासलं गेलं, की तिथली जाडी केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाने कमी होते. मग थरथर सुरू होते. म्हणजे डिस्क वाकली नव्हती, ती झिजली होती. आणि झिजली होती कारण ती सरळ बसली नव्हती.

'डिस्क वाकली' हा शब्दप्रयोग जगभर रूढ आहे. कॅरोल स्मिथ या अमेरिकन रेसिंग अभियंत्याने हा समज खोडून काढणारा लेखच लिहिला होता. त्याचा रोख दुसऱ्या एका कारणावर होता : तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल असमान चिकटतो. उदाहरणार्थ, घाट उतरून सिग्नलला थांबलात आणि लालबुंद तापलेल्या डिस्कवर पॅड गच्च दाबून ठेवलेत, तर तिथे पॅडचा ठसा उमटू शकतो. परिणाम तोच, पकड कमी-जास्त. बीड सहज वाकत नाही. नाव मात्र 'वाकली' असंच पडलं आहे, आणि चुकीच्या नावाने चुकीचा उपाय सुचतो. वाकलेली वस्तू फेकून नवी आणायची असते. वाकडी बसलेली वस्तू नीट बसवायची असते.

आता थोडं न्यायशास्त्र. कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारी आणि 'अन्यथासिद्ध' नसणारी गोष्ट, असं नैयायिक मानतात. अन्यथासिद्ध म्हणजे जी आधी असते खरी, पण जिच्यावाचून काही अडत नाही. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे कुंभाराचं गाढव. माती गाढवाच्या पाठीवरून आली, गाढव घटाच्या आधी होतं, तरी ते घटाचं कारण नव्हे. माती हातगाडीवरून आली असती तरी घट झालाच असता. आमच्या चौथ्या प्रश्नात अशी गाढवं पुष्कळ निघतात. "मागच्या आठवड्यात पेट्रोल पंप बदलला." "सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं." "त्या दिवशी खड्ड्यात आदळली." यातलं एखादं खरं कारण असू शकतं, पण नुसतं आधी घडलं म्हणून नव्हे. आणि आपल्या उदाहरणात तर खरं कारण थरथरीच्या चार-पाच महिने आधी घडून गेलं होतं. कालचं काय, परवाचं काय, असं शोधत बसलो असतो तर ते सापडलंच नसतं.

दुसरी संकल्पना उपाधीची. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. कारण धुरासाठी अग्नीला ओल्या इंधनाची जोड लागते. ही ओल्या इंधनाची छुपी अट म्हणजे उपाधी. 'डिस्क बदलली की थरथर जाते' या आमच्या प्रमेयातही अशीच छुपी अट होती : हब स्वच्छ असेल तर. ती न पाहता आम्ही व्याप्ती बांधली आणि दोनदा पैसे भरायच्या बेतात आलो. पहिल्या गॅरेजवाल्याने फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. त्याने जे पाहिलं त्यावरून अनुमान केलं. गाडी नीट होऊन जायची, ग्राहक खूश व्हायचा, आणि चार-पाच महिन्यांनी दुसऱ्याच गॅरेजात जायचा. आपलं अनुमान चुकलं हे त्याला कळणार कसं? परतून न आलेला ग्राहक हा पुरावा नसतो.

मिस्त्रींनी मग काय केलं? तारेच्या ब्रशने आणि एमरीने दोन्ही हब चकाकेपर्यंत साफ केले. डिस्कची आतली बाजूही पुसली. डिस्क जवळजवळ नवीच होती, जाडी भरपूर शिल्लक होती, म्हणून लेथवर तिची दोन्ही तोंडं सारखी करून घेतली. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली जात असेल तर ती लेथवर न नेता बदलायचीच. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढल्या. एक पीन सुकून जाम होत चालली होती, ती साफ करून तिला त्याच कामाचं ग्रीस लावलं. परत बसवून गेज लावलं. डोल ०.०३. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या मापाइतके आवळले. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पंक्चर काढल्यावर हवेच्या गनने एकेक नट जोर लावून आवळला, तर एका बाजूला जास्त ताण बसून डिस्क थोडी तिरकी होऊ शकते, आणि पुन्हा तीच कहाणी सुरू.

आता आपल्या गावाचा यातला वाटा. मीरा-भाईंदर म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. हवा खारट आणि दमट. वर चार महिन्यांचा पाऊस. लोखंडाला गंज चढायला याहून चांगली जागा कोणती? पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की डिस्कच्या तोंडावर लाल थर येतो. त्याने घाबरू नका. पाच-दहा वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो, आणि थरथर असलीच तर तीही त्याच्याबरोबर जाते. न जाणारा गंज असतो तो हबवर, डिस्कच्या मागे, जिथे आपली नजर जात नाही. म्हणून डिस्क बदलायला द्याल तेव्हा दोनच वाक्यं सांगा : "आधी हब साफ करा. बसवल्यावर डोल मोजून दाखवा." गेज नसेल तर निदान पहिलं वाक्य तरी सांगाच. नव्या डिस्क-पॅडवर पहिले २००-३०० किलोमीटर, गरज नसेल तर, कचकन ब्रेक दाबू नका. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत बसायला तेवढा अवधी लागतो.

एक सावधगिरी. ब्रेकवरची प्रत्येक थरथर डिस्कचीच असते असंही समजू नका. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, चाकाची बेअरिंग, यांपैकी काही ढिलं झालं असेल तर लहानशी थरथर मोठी होऊन जाणवते. पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं की मिस्त्रीला ढिलाई कळते. आणि काही लक्षणं अशी आहेत की ती दिसल्यावर निदानाची चर्चा करत बसायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची आणि टो करून न्यायची : पेडल खाली बसत जाणं, ब्रेकला गाडी एका अंगाला ओढणं, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, एकाच चाकाजवळ जळका वास किंवा असह्य उष्णता, ब्रेक दाबताच खालून ठोका बसणं. तिथे वाट पाहण्यात शहाणपण नाही.

साध्या थरथरीने ब्रेक लगेच निकामी होत नाहीत, हे खरं. मग एवढं मनावर का घ्यायचं? कारण खरा धोका लोखंडात कमी आणि आपल्या पायात जास्त आहे. थरथर त्रास देते म्हणून माणूस नकळत ब्रेक हलका दाबायला शिकतो. महिना-दोन महिन्यांत ती सवय होते. मग ज्या दिवशी पूर्ण जोराने ब्रेक दाबायला हवा, त्या दिवशी पाय आपोआप अर्ध्यावर थांबतो किंवा उचलला जातो. त्या दिवशी ट्रकमागे आमचं तेच झालं होतं. ८०च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. अर्धा सेकंद पाय उचलला तर ११ मीटर गेले. तिथे हातभर अंतर उरलं हे आमचं कौशल्य नव्हतं.

आता शेवटची गोष्ट, कारण लेक हे व्याख्यान ऐकणार आहे. गाडी दुरुस्त झाल्याला आता वर्ष होऊन गेलं, १०,००० किलोमीटर झाले, थरथर परतली नाही. तेव्हा तिचा आरोप खोटा ठरला का? त्या थरथरीपुरता ठरला. पण दोष गाडीत होता यावरून आमचे हात, डोळे आणि प्रतिसाद ठणठणीत आहेत हे सिद्ध होत नाही. एका आरोपातून सुटका म्हणजे सर्व आरोपांतून सुटका नव्हे. असं मानणं हा पुन्हा हेत्वाभासच. म्हणून गाडीची तपासणी झाल्यावर आम्ही आपलीही करून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्रीच्या दिव्यांबद्दल चार प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरं आम्हाला फारशी आवडली नाहीत. तेव्हापासून अंधार पडल्यावर स्टेअरिंग लेकीकडे असतं. दिवसा अजून आमच्याकडे आहे.

पुढच्या वेळी हेत्वाभासांकडे सविस्तर येऊ. तोवर कोणाची गाडी थरथरत असेल, तर ते चार प्रश्न कागदावर लिहून मगच गॅरेजला जा.